कप कसा धरलाय

चॅम्पियनचा पुढचा प्रतिस्पर्धी कोण, हे गेली चौदा वर्षं मला वर्तमानपत्रांच्या आधी कळत आलंय, आणि तेही माझ्या धाकट्या भावाच्या चहाच्या कपावरून. यात माझी हुशारी काही नाही. माझा भाऊ चॅम्पियनचा सरावाचा जोडीदार. लढतीच्या आधीचे आठ आठवडे तो रोज सकाळी रिंगमध्ये उतरायचा आणि चॅम्पियनच्या हातचा मार खायचा. नुसता मार खाणारे पुष्कळ मिळतात. हा, जो कोणी प्रतिस्पर्धी ठरला असेल तो होऊन मार खायचा. त्याच्यासारखा उभा राहायचा, त्याच्यासारखी मान कलती करायचा, त्याच्याच सवयीनं ठोसे टाकायचा. जिममध्ये त्याला सगळे नकल्या म्हणतात. खरं नाव तिथे कुणाला ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे.

नक्कल करायची ती दिवसभर, असा त्याचा नेम. "घरी आल्यावर अंगातून उतरवला तर सकाळी परत कुठून आणू?" असं म्हणायचा. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरात चौदा वर्षांत देशोदेशीचे बॉक्सर चहा पिऊन गेले. एक जण कोपर बरगडीला चिकटवून प्यायचा. एकाची करंगळी कधीतरी मोडलेली होती, तो कप तीन बोटांत धरायचा. एक जण घोट घेण्याआधी खांदा उडवायचा. त्याच्या पायी माझे दोन टेबलक्लॉथ वाया गेले. लढतीच्या दिवशी सकाळी हा उठायचा, आंघोळ करायचा आणि मोकळा व्हायचा. मग दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी कप वेगळाच धरलेला दिसायचा. मी समजून जायची, की नवा पाहुणा आला.

आई गेली तेव्हा हा दहा वर्षांचा होता. मीच वाढवला. पुढे माझे यजमान गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला, की मी त्याच्याकडे, ते आता आठवत नाही. त्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर हसून म्हणायचा, "कुठल्या नवऱ्याशी संसार करतोय हे तिला कळायला तर हवं!"

माझं दुकान कपडे दुरुस्तीचं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कमरेत सैल करणं. लोकांची पोटं सुटतात त्यावर माझं पोट चालतं. जिमची आणि दुकानाची भिंत एकच आहे. पलीकडे मार बसला की अलीकडे माझ्या रिळांच्या फळीवरची रिळं हलतात. चौदा वर्षं मी ती रिळं हलताना बघत टीप मारत आले. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

दारातल्या बाकावर दोन माणसं कायमची. एक मास्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दुसरा बसड्रायव्हर, सकाळची पाळी संपली की घरी जायच्या आधी इथे टेकतो. दोघांनीही आयुष्यात कुणाला चापट मारली नसेल, पण चॅम्पियननं कुणाशी लढावं यावर त्यांचं तोंड दुखेपर्यंत चालतं. यंदा तर ऊतच आला होता. चॅम्पियन तेहतीस वर्षांचा, एकही लढत हरलेला नाही, आणि समोर उभं करायला माणूस उरला नाही. तीन नावं चर्चेत होती. नावं कसली, यांनीच ठेवलेली टोपणनावं. एक जुना, म्हणजे आधीचा चॅम्पियन, मध्येच सोडून गेलेला आणि आता परत येतो म्हणणारा. दुसरा डावखुरा, चोवीस वर्षांचा पोरगा. तिसरा भिंत.

"जुन्याशीच व्हायला पाहिजे," मास्तर म्हणाले. "चाळिशीला आला म्हणून काय झालं? त्याचा पट्टा कुणी हिसकावून घेतला नव्हता. त्यानं आपण होऊन सोडला. त्याला हरवल्याशिवाय आपला चॅम्पियन खरा चॅम्पियन कसा?"

"मास्तर, तो आता नातवंडं खेळवायला बसला," ड्रायव्हर म्हणाला. "त्याला मारलं तर लोक शिव्या घालणार, आणि नाही मारता आलं तर दुप्पट घालणार. डावखुरा बघा. एकोणीस लढती, एकोणीस जण आडवे."

"आडवे कोण झाले ते विचारा की. सगळे आधीच झोपेला आलेले."

"ताई, तुम्ही सांगा."

"मला विचाराल तर भिंत," मी म्हणाले.

दोघंही हसले. भिंत म्हणजे एक उंचच्या उंच गडी, ठोसे मारण्यापेक्षा समोरच्याच्या गळ्यात पडून वेळ काढणारा. "ताई, ते काय बॉक्सिंग आहे?" ड्रायव्हर म्हणाला. "बारा राउंड नुसता मिठी मारून उभा असतो."

"मग वाईट काय त्यात? माणूस प्रेमळ दिसतो."

ते हसत राहिले. मला हसू आलं नाही. भिंत ठरला असता तर माझ्या भावाला आठ आठवडे चॅम्पियनच्या गळ्यात पडून काढता आले असते. मिठीत मार कमी बसतो. एवढंच माझं बॉक्सिंग.

कारण त्याचा डावा डोळा गेल्यात जमा होता, आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मागच्या लढतीनंतर तो पेल्यात पाणी ओतताना पेल्याच्या शेजारी ओतायला लागला. डाव्या बाजूच्या चौकटीवर खांदा आपटायला लागला. मी हात धरून डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, थोडं उजेड-अंधाराचं कळण्याइतकं वाचलं. डॉक्टर म्हणाले, "आता रिंग बंद. पुन्हा मार बसला तर हे उरलंय तेही जाईल. आणि उजव्या डोळ्याचंही आतून वय झालंय, त्याची मी खात्री देत नाही." हा "बरं डॉक्टर" म्हणाला. जिममध्ये त्यानं सांगितलं, की तीन आठवडे मामाकडे गेलो होतो. आमचा मामा जाऊन अकरा वर्षं झाली.

मी रोज म्हणायची, वस्तादांना सांग. वस्ताद म्हणजे चॅम्पियनचे शिकवणारे, जिम त्यांचीच. हा रोज म्हणायचा, सांगतो. आणि तेवढ्यात ती सकाळ उजाडली. मी चहा पुढे ठेवला, आणि त्यानं डावा हात पुढे करून कप उचलला.

बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही, पण चौदा वर्षं भिंतीला कान लावून बसल्यावर एवढं तरी कळतं, की डावखुऱ्याला सगळ्यात जास्त बसतो तो समोरच्याचा उजवा हात. आणि तो येतो डावीकडून. म्हणजे याला जिथून काहीच दिसत नाही, नेमका तिथून.

"ठरलं?" मी विचारलं.

"परवा चॅम्पियन येतोय मापाला. तेरवापासून सराव."

"वस्तादांनी ठरवलं?"

तो कपात बघत म्हणाला, "वस्ताद तिघांतच अडकले होते. चॅम्पियन म्हणाला, नकल्याला विचारा, माझे हात त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मग मला विचारलं."

"आणि तू?"

"मी डावखुरा सांगितला."

माझा तोल गेला. "तुझी जीभ का नाही झडली तेव्हा! स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास? जुना म्हणायला काय झालं होतं? भिंत म्हणायला काय झालं होतं?"

"ताई, त्यानं विश्वासानं विचारलं." तो शांतपणे म्हणाला, आणि त्याचा तो शांतपणा मला जास्त झोंबला. "जुन्याला मारून त्याला काय मिळणार? लोक म्हणतील म्हाताऱ्याला मारलं. भिंतीशी खेळला तर लोक जांभया देतील. डावखुरा आज याला हरवू शकत नाही. दोन वर्षांनी हरवेल. चॅम्पियनचा उजवा हात पूर्वीपेक्षा केसभर उशिरा येतो हल्ली. बाहेरून कळत नाही, मला लागतो म्हणून कळतं. तेव्हा घ्यायचा तर आत्ताच घ्यायला हवा."

"आणि तुझा डोळा?"

"आठ आठवडेच तर आहेत. मान जरा डावीकडे वळवून उभा राहीन."

"डावखुरा तशी मान वळवून उभा राहतो का?"

डॉक्टरांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, पण नक्कल चुकेल म्हटल्यावर बोलती बंद. मग म्हणाला, "हे सोडून मी काय करू, ताई? मला दुसरं काय येतं?" मी कप विसळायला घेतले.

आता मापाचं सांगायला हवं. चॅम्पियनच्या पहिल्या मोठ्या लढतीच्या दिवशी त्याच्या चड्डीचं इलॅस्टिक ऐन वेळी उसवलं. मला दुकानातून पळवत नेलं. घाईघाईत माझ्याच्यानं सुईत दोरा जाईना. माझ्या भावानं तो ओवून दिला आणि मी चॅम्पियनच्या अंगावरच चार टाके घातले. तो जिंकला. तेव्हापासून तोच नेम. प्रत्येक लढतीची चड्डी मी शिवायची, कमरेत दोन बोटं उसवलेलं ठेवायचं, आणि सराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं दुकानात येऊन ती घालायची. मग सगळ्यांसमोर नकल्यानं सुई ओवायची आणि मी चार टाके घालायचे. ते होईपर्यंत वस्ताद खाली बसत नाहीत. पाय दुखत असले तरी नाही. एवढी मोठी माणसं, पण या बाबतीत लहान पोरांसारखी.

मापाच्या आदल्या दुपारी भाऊ दुकानात आला. बाकावर कुणी नव्हतं. "ताई, उद्या सुई आधीच ओवून ठेव," तो म्हणाला. "दोरा लहान ठेव, दिसणार नाही. मी नुसती बोटं फिरवल्यासारखं करतो आणि तुला देतो."

"बरं," मी म्हणाले. आणि खरंच सांगते, तेव्हा माझ्या मनातही तेच होतं.

सकाळी चष्मा लावून मी सुई ओवली. माझेही डोळे आता धड राहिलेले नाहीत, नवव्या खेपेला दोरा गेला. सुई टोचणीच्या उशीत खोचली आणि तिच्याकडे बघत बसले. पलीकडे कुणीतरी वाळूच्या पिशवीवर हात चालवत होतं आणि फळीवरची रिळं हलत होती. मी सुई परत हातात घेतली आणि दोरा ओढून काढला. मला स्वतःचीच भीती वाटली.

दहाच्या सुमाराला चॅम्पियन, वस्ताद आणि माझा भाऊ, तिघंही आले. चॅम्पियन चड्डी घालून स्टुलावर उभा राहिला. वस्ताद दाराशी उभे. मी सुई आणि दोरा वेगवेगळे भावाच्या हातात ठेवले. त्यानं सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी इलॅस्टिकच्या घड्या नीट करत राहिले, तोंड वर केलं नाही.

त्यानं दोऱ्याचं टोक ओलं केलं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. दोरा सुईच्या अलीकडून गेला. मग पलीकडून. मग पुन्हा अलीकडून.

"काय रे, मामाकडे गेला होतास की सासुरवाडीला? लक्ष कुठंय?" वस्ताद हसत म्हणाले.

भाऊही हसला. चौथ्यांदा दोरा बोटभर बाजूनं गेला. चॅम्पियन हसला नाही. हे डोळे त्यानं चौदा वर्षं हातभर अंतरावरून पाहिले होते. तो स्टुलावरून खाली उतरला, माझ्या भावाच्या समोर आला आणि त्यानं उजवा हात सावकाश उचलला. मूठ आवळून, बाहेरून, माझ्या भावाच्या डाव्या बाजूनं, अगदी हळूहळू पुढे आणली. ती कानशिलापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. माझ्या भावाची पापणी हलली नाही. तो मान खाली घालून दोरा ओवत होता.

वस्ताद पहिल्यांदाच, टाके घालायच्या आधी, बाकावर बसले.

चॅम्पियननं मूठ उघडली आणि त्याच हातानं सुई काढून घेतली. पहिल्या फटक्यात ओवली. "शिवा, ताई," तो म्हणाला. मी टाके घातले. एकदा सुई त्याच्या कमरेला लागली, तो तसाच उभा राहिला. माझ्या भावानं एकदाच तोंड उघडलं, आणि तेही माझ्याशी.

"बरं म्हणाली होतीस," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

त्यानंतर एकोणीस दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवायचा, ताट घासून ठेवायचा, पण शब्द नाही. जिममध्ये कुठूनतरी एक जन्माचा डावखुरा सरावाला आणला. फळीवरची रिळं हलत राहिली. मी मात्र पहिल्यांदाच त्यांच्याकडे न बघता टीप मारली. चॅम्पियन दोनदा घरी येऊन गेला. कोपऱ्यात वस्तादांच्या शेजारी बस, बघ आणि सांग, म्हणाला. भाऊ एक दिवस गेला आणि परत आला. मग माझ्याशी बोलला, तो इतकंच, "बाहेरून बघून मला काहीच कळत नाही, ताई."

लढत झाली. चॅम्पियन गुणांवर जिंकला. त्याची भुवई फुटली, पण जिंकला. माझ्या भावाचं म्हणणं खरं ठरलं, आज हरला नाही आणि दोन वर्षांनी हरला असता हे सगळ्यांना दिसलं. मास्तर मात्र अजून म्हणतात, जुन्याशीच व्हायला हवी होती. मी चूक केली का? नाही. हजारदा विचार करूनही नाहीच म्हणते. पण बरोबर केलं म्हणून बरं वाटतं, असंही नाही.

आता तो दिवसभर दुकानात बसतो. बटणं रंगवार लावतो, उसवायचं असेल ते उसवून देतो. रिंगमध्ये एवढा चपळ होता, इथे सगळं सावकाश. लढतीच्या दिवशी त्यानं आंघोळ केली की नाही मी पाहिलं नाही. पण त्यानंतर कप डाव्या हातात दिसला नाही.

गेल्या आठवड्यात बाकावर पुन्हा बाजार भरला. डावखुरा झाला, आता पुढे कोण? ड्रायव्हरनं आत डोकावून हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. हल्ली कप कसा धरतोय?" त्यांना वाटतं, जिम सुटली तरी याला आतलं सगळं कळत असणार.

"दोन्ही हातांनी," मी म्हणाले. खोटं नव्हतं. सांडू नये म्हणून तो हल्ली कप दोन्ही हातांनीच धरतो.

"दोन्ही हातांनी!" ड्रायव्हर मास्तरांकडे वळला. "म्हणजे दोन्ही बाजूंनी खेळणारा कुणीतरी. डावाही, उजवाही."

"मग तो बंदरावरचा पोरगा," मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? त्याच्याकडे लक्ष ठेवा म्हणून?"

अर्धा तास त्यांनी त्या पोराचे हात, पाय, उंची सगळं काढलं. मी टीप मारत राहिले. आत माझा भाऊ बटणं लावत होता. त्यानं ऐकलं असणार, पण मान वर केली नाही.

काल सकाळी मी चहा ठेवला. तो कपाकडे बघत बसला, हात पुढे करेना. मला वाटलं, डोळ्याला काही झालं.

"ताई," तो म्हणाला, "मी मूळचा कसा धरायचो गं?"

"काय?"

"कप. म्हणजे मी. जिममध्ये जायच्या आधी."

मी आठवायला लागले. कोपर बरगडीला चिकटवणारा आठवला. करंगळी मोडलेला आठवला, खांदा उडवणारा आठवला, डावखुरा तर अजून डोळ्यांसमोर होता. ज्याला मी दहा वर्षांचा असल्यापासून हातानं चहा पाजला, तो काही केल्या आठवेना. मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. खोटं सांगायचं मनात आलं, पण एकदा बरं म्हणून फसवून झालं होतं.

"धर कसाही," मी म्हणाले. "सांडू नकोस म्हणजे झालं."